घरचे आरोग्य : शक्तीच्या बाटल्या आणि थकलेले यकृत

घरातील वडील मंडळींची प्रकृती क्षीण होऊ लागली म्हणजे मुलांसुनांच्या मनात पहिला विचार येतो तो 'यांना काहीतरी शक्तीचे द्यावे' हा. हा विचार प्रेमाचा आहे यात शंका नाही. परंतु प्रेमाने दिलेली प्रत्येक वस्तू पोटात गेल्यावर प्रेमानेच वागेल, असा मात्र शरीराचा नियम नाही. या महिन्याच्या सदरात आम्ही ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो तो हाच.

नाशिकहून एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांचे मामंजी पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मधुमेह जुना. जन्मात मद्यास स्पर्श नाही. तरीही दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी यकृताचा सिरोसिस, म्हणजे यकृत कठीण होऊन आक्रसण्याचा विकार, असल्याचे सांगितले. तेव्हापासून अशक्तपणा वाढत आहे आणि त्याबरोबर फडताळातील बाटल्याही वाढत आहेत. अमेरिकेतून थोरल्या भावोजींनी जीवनसत्त्वांच्या गोळ्या पाठविल्या. पुण्याच्या वन्सं अश्वगंधा देऊन गेल्या. शेजारच्या मंडळींनी गुळवेलीचा रस सुचविला. सासूबाईंनी भूक लागावी म्हणून द्राक्षासव सुरू केले. नातवाने प्रोटीनचा डबा आणला, आणि हळदीच्या कॅप्सूल स्वतः या भगिनींनीच आणल्या. 'यांतील काय ठेवावे आणि काय काढावे? आणि ज्याची त्याची वस्तू बंद केली तर कोणाचे मन दुखवू नये ते कसे?' असे त्यांनी विचारले आहे. रोग्यास न पाहता औषधयोजना सांगण्याचा या सदराचा रिवाज नाही. तथापि त्यांचा प्रश्न आज कितीतरी घरांचा आहे, यास्तव तो विस्ताराने घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. यकृताचे दुखणे म्हणजे दारुड्याचे दुखणे, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. ती खरी नाही. कावीळ ब आणि कावीळ क या विषाणूंनी वर्षानुवर्षे यकृत पोखरले जाते. आणि मधुमेह, पोटाचा घेर व बैठे आयुष्य यांमुळे यकृतात चरबी साठून, त्या चरबीने दाह होऊन, अखेर तेथे व्रणाचे कठीण तंतू बनतात. निर्व्यसनी, शाकाहारी, सोवळ्यात जेवणाऱ्या गृहस्थासही हा विकार होतो. किंबहुना 'आमच्याकडे तो प्रश्नच नाही' या खात्रीमुळेच तो उशिरा ध्यानात येतो.

आता हे यकृत काय करते ते पाहू. आपण जे खातो, पितो, औषध म्हणून घेतो, ते आतड्यांतून शोषले जाऊन बहुतांशी प्रथम यकृताच्या दारी येते. तेथे त्याची छाननी होते. उपयोगाचे ते साठविले जाते, अपायकारक ते मोडून बाहेर टाकले जाते. रक्त गोठविणारी द्रव्ये यकृतच तयार करते. निरोगी तरुणाच्या यकृताजवळ शिल्लक मोठी असते. थोडी इजा झाली तरी ते ती भरून काढते. सिरोसिस झालेल्या यकृताजवळ शिल्लकच उरलेली नसते. ज्या संसारात गाठीला पैसा नाही तेथे एका दिवसाचा पाहुणाही जड होतो, तशीच ही गोष्ट आहे. जो डोस तरुण मुलास बाधणार नाही, तोच आजोबांस कावीळ, जलोदर किंवा बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. त्यातून वार्धक्यात मूत्रपिंडे मंदावलेली, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू. त्यांत या नव्या द्रव्यांची भर पडली म्हणजे कोणते द्रव्य कोणत्या औषधाशी भांडेल याचा अंदाज घरी बसून करता येत नाही.

हा नुसता तर्क नव्हे. गुळवेलीचेच उदाहरण घ्या. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचे काढे घरोघरी होऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे यकृतास इजा झालेले असे सहा रोगी आले की ज्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांची हकीकत २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून ४३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोग्यांनी घेतलेल्या औषधांचे पृथक्करण केले असता त्यांत खऱ्या गुळवेलीचीच द्रव्ये मिळाली. या पाहणीतील दोन गोष्टी आमच्या विषयास फार महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, सर्वांत अधिक आढळलेला प्रकार हा आधीच असलेला यकृतविकार एकाएकी बळावण्याचा होता. आणि दुसरी अशी की, गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ ४६ दिवसांचा होता. दीड महिना जी वस्तू सुखाने घेतली तिच्यावर संशय कोण घेणार? निरोगी माणसाने गुळवेल घ्यावी की न घ्यावी, हा वाद विद्वानांत चालू राहो. परंतु ज्याचे यकृत आधीच कठीण झाले आहे त्याने त्या वादाचा निकाल स्वतःच्या शरीरावर पाहण्याचे कारण नाही.

अश्वगंधेची गोष्ट याहूनही स्पष्ट आहे. केवळ अश्वगंधा असलेल्या औषधांनी यकृतास इजा झालेल्या ८ भारतीय रोग्यांचा वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पाच जणांस पूर्वीचा यकृतविकार होता. ज्या तिघांचे जुने दुखणे उलटून यकृत निकामी झाले, ते तिघेही दगावले. संख्या लहान आहे, आणि अश्वगंधा घेणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांस काही होत नाही, हेही खरे. परंतु ज्यांस होते त्यांत दुबळ्या यकृताची माणसेच जिवास मुकतात, हा त्यातला बोध आहे. डेन्मार्कने त्याच वर्षी या वनस्पतीच्या विक्रीस बंदी केली.

'मग हळदसुद्धा वाईट का?' असा प्रश्न येथे कोणी गृहिणी विचारील. स्वयंपाकातील हळद वाईट नाही. ती निःशंक घालावी. पण फोडणीतील हळद आणि कॅप्सूलमधील हळद या एक नव्हेत, हे साध्या हिशेबाने पटेल. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन हे द्रव्य वजनाने सुमारे ३ टक्के असते. तीन ग्रॅमचा लहान चमचा घेतला तर त्यात ते शंभर मिलिग्रॅमच्या आतच भरेल. उलट ५०० मिलिग्रॅम अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ते सुमारे पावणेपाचशे मिलिग्रॅम असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळद आली, आणि दिवसातून दोन घेतल्या तर दहा. एवढ्यावर भागत नाही. अनेक कॅप्सूलांत मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. बंगळूर येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्याने माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढल्याचे दिसले. विक्रेत्याच्या दृष्टीने हा गुण. थकलेल्या यकृताच्या दृष्टीने हाच धोका. अशा कॅप्सूलांनी यकृताचा दाह झालेले रोगी इटली, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांतून नोंदले गेले आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या औषधनियंत्रकांनी २०२३ साली जाहीर इशाराही दिला. हिरव्या चहाच्या अर्काचेही तसेच. चहा पिण्यास हरकत नाही. पण त्यातील कॅटेचिन द्रव्य अर्काच्या रूपाने रोज ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू लागतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले आहे. अन्न आणि अर्क यांतला भेद गृहिणींनी पक्का ध्यानात धरावा.

आता द्राक्षासवाकडे वळू. आमचा नाशिक जिल्हा द्राक्षांचा, आणि द्राक्षे शक्तिवर्धक ही भावना येथे मुळातच मुरलेली. त्यामुळे द्राक्षासवाविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. परंतु आसव व अरिष्ट ही औषधे आंबवूनच सिद्ध होतात, आणि आंबण्याच्या क्रियेत मद्यार्क उत्पन्न होतो. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावी. बहुधा ५ ते १० टक्के स्वयंनिर्मित मद्यार्क असल्याचे तेथे लिहिलेले आढळेल. बाजारातील साधी बिअरही सुमारे पाच टक्क्यांचीच असते. ज्या घरात मद्याचे नाव निघाले तरी कपाळाला आठ्या पडतात, त्याच घरात आजोबांस सकाळसंध्याकाळ आसव मोजून दिले जाते! मात्रा लहान असते हे कबूल. पण सिरोसिसच्या रोग्यास मद्यार्काची मान्य मात्रा शून्य आहे. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट इत्यादींनाही हेच लागू आहे.

परदेशातून येणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांविषयी आमचे म्हणणे निराळे आहे. रोजच्या गरजेपुरती द्रव्ये असलेली एक साधी गोळी सामान्यतः अपाय करीत नाही. पण बाटली हाती घेऊन तीन नावे तरी पाहावीच. पहिले, 'अ' जीवनसत्त्व. ते यकृतातच साठते, आणि वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात घेतल्यास स्वतःच यकृतात तंतू निर्माण करते. रेटिनॉलच्या रूपातील या जीवनसत्त्वाची प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम मानली आहे, आणि यकृतविकारात ती गाठण्याचाही प्रयत्न नको. गाजर, भोपळा व पालेभाज्या यांतून ही बाधा होत नाही, कारण शरीर त्यांतून लागेल तेवढेच 'अ' जीवनसत्त्व बनविते. दुसरे, लोह. रक्ततपासणीत कमतरता ठरल्याखेरीज ते घेऊ नये. जादा लोहही यकृतातच जाऊन बसते. तिसरे, नायसिन, मोठ्या मात्रेत ते यकृतास विषारी ठरते. याशिवाय पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम पुष्कळ असते. ज्यांच्या पोटात वा पायांत पाणी साठते त्यांनी पापड-लोणच्याप्रमाणेच त्यांचेही पथ्य पाळावे. लसूण, गिंको, मासळीचे तेल व 'ई' जीवनसत्त्व यांच्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलांनी रक्त पातळ होऊ शकते. सिरोसिसच्या रोग्याच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतात. तेथे रक्तस्राव झाल्यास प्राणावर बेतते. याउलट 'ड' जीवनसत्त्व, जस्त यांची कमतरता यकृतविकारात वारंवार आढळते आणि ती भरून काढणे हितकर असते. पण ती तपासून, मात्रा ठरवून. सारांश, पूरक द्रव्य हे शत्रू नव्हे. मोजमापाशिवाय दिलेले पूरक द्रव्य शत्रू होय.

राहिला नातवाचा प्रोटीनचा डबा. येथे नातवाचा हेतू बरोबर आहे, साधन मात्र संशयास्पद आहे. पूर्वी यकृताच्या रोग्याची डाळ, दूध बंद करीत. ती समजूत आता टाकून दिली गेली आहे. सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, आणि ते राखण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, असे आजचे वैद्यक सांगते. साठ किलो वजनाच्या गृहस्थास हा हिशेब ७२ ते ९० ग्रॅम होतो. आपल्याकडील वरण, उसळी, दही, दूध, पनीर, शेंगदाण्याचे कूट, मुगाचे धिरडे यांनी त्यातला मोठा वाटा भरतो, आणि वनस्पतिज व दुधाची प्रथिने अशा रोग्यांस चांगली मानवतात. डब्यांविषयी मात्र सावध असावे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के डब्यांवरील प्रथिनांचे आकडे चुकीचे निघाले. काही डब्यांत वनस्पतींचे अर्कही मिसळलेले असतात. म्हणजे समोरच्या दाराने घालविलेली वस्तू मागच्या दाराने घरात येते. डॉक्टरांनी पावडर सांगितलीच तर ती त्यांनी नाव घेऊन सांगितलेली, अर्कविरहित असावी.

आणि आता आम्ही जे सांगणार आहो ते बाटलीत मिळत नाही, म्हणूनच कदाचित त्याची कोणी जाहिरात करीत नाही. निरोगी माणसाचे यकृत रात्रीच्या उपवासासाठी साखरेचा साठा बाळगून असते. सिरोसिसमध्ये तो साठा अपुरा पडतो; एका रात्रीच्या उपवासाने अशा रोग्याच्या शरीराची जी स्थिती होते ती निरोगी माणसास दोनतीन दिवस उपाशी ठेवल्यासारखी असते. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून इंधन करते. जिला आपण 'शक्ती गेली' म्हणतो ती पुष्कळदा अशी रात्री झोपेत गेलेली असते! यावर उपाय साधा आहे : निजण्यापूर्वी काहीतरी पोटभरीचे खाणे. दूधपोहे, लहानसे थालीपीठ, दहीभात किंवा खीर यांपैकी काहीही चालेल. मधुमेह असल्यास साखर टाळून व डॉक्टरांस विचारून. सकाळचा फराळही उशिरा नको. त्याचप्रमाणे एकादशी, चतुर्थी यांचे निरंकार उपवास अशा वडीलधाऱ्यांनी करू नयेत. धर्मशास्त्राने आजारी व वृद्ध यांस व्रतनियमांतून सूट दिली आहे. ती त्यांस आठवण करून देण्याचे काम घरातील मानाच्या माणसाने करावे. रोज थोडे चालणे, ताजी वाफाळती कॉफी आवडत असल्यास बिनसाखरेचे एकदोन पेले, या गोष्टी यकृतास हितकारक आढळल्या आहेत. रात्रीच्या दहीभाताला जे साधते ते सहा बाटल्यांना साधत नाही.

कोणी म्हणेल, 'एवढा धोका असता तर सरकारने विकू दिले असते काय?' तर त्याचे उत्तर असे. पूरक आहार हा कायद्याने अन्नाच्या वर्गात येतो. २०१६ सालच्या नियमांनुसार 'औषधी उपयोगासाठी नाही' असे त्याच्या वेष्टनावर छापावे लागते. आयुर्वेदीय औषधे १९४० च्या औषधविषयक कायद्याखाली येतात, आणि ग्रंथोक्त कल्पांना बाजारात येण्यापूर्वी रोग्यांवरील नव्या चाचण्यांची अट नसते. विक्रीचा परवाना म्हणजे तुमच्या घरच्या रोग्यासाठी दिलेला निर्वाळा नव्हे. हे आम्ही आयुर्वेदाविरुद्ध लिहीत नाही. खरा वैद्य रोग्याचे वय, बल, अग्नी व काल पाहिल्यावाचून मात्रा ठरवीत नाही. जाहिरात मात्र सर्वांस एकच मात्रा सांगते. नाशिकमध्ये १९९८ पासून असलेल्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्य आणि डॉक्टर दोघेही पदव्या घेतात. एकाच विद्यापीठाची ही दोन लेकरे. त्यांच्यात रोग्याने लपवाछपवी करावी हे बरे नव्हे. डॉक्टर 'आणखी काय घेता?' असे विचारतात तेव्हा 'काही नाही' असे उत्तर येते, कारण आसव आणि कॅप्सूल यांस घरात कोणी औषध समजतच नाही. अनर्थ तेथे सुरू होतो.

यास्तव पत्र पाठविणाऱ्या भगिनींस आणि त्यांच्यासारख्या सर्व गृहिणींस आमची सूचना अशी. गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल व द्राक्षासव या चार गोष्टी आजच बंद कराव्या. अमेरिकेची गोळी व प्रोटीनचा डबा डॉक्टरांस दाखवून मग ठरवावे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र आपल्या मनाने कमी करू नयेत. एक वही करावी. पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीचे, काढ्याचे, चूर्णाचे नाव, मात्रा व आरंभाची तारीख तीत लिहावी. आणि ती वही घरातील एकाच जबाबदार माणसाकडे असावी. एकत्र कुटुंबात दहाजण देणारे असतात आणि हिशेब ठेवणारा कोणीच नसतो, हीच मूळ अडचण आहे. वेदनाशामक गोळीही विचारल्यावाचून देऊ नये. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगास खाज सुटणे, पोट फुगणे, दिवसा झोप व रात्री जागरण, बोलण्यात असंबद्धता, काळी शौचास होणे यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर न टाकता रुग्णालय गाठावे, आणि वहीबरोबर सर्व बाटल्याही न्याव्या.

मने दुखविण्याचा प्रश्न उरला. आमच्या मते तो मामंजींकडेच सोपवावा. त्यांना लहान मूल समजून पाठीमागे बाटल्या लपवू नयेत. वही घेऊन शेजारी बसावे, यकृताची स्थिती त्यांस सरळ सांगावी आणि निर्णय त्यांच्या तोंडून होऊ द्यावा. 'मीच बंद केले' असे वडील म्हणाले की थोरल्या भावोजींचा मान राहतो आणि वन्संचाही. ज्यांस काही देण्याची हौस आहे त्यांनी संध्याकाळी वडिलांसमवेत थोडे चालावे, रात्री त्यांच्या पानाशी बसावे. वृद्धाच्या ताटात दोन घास अधिक जातात ते बहुधा कोणीतरी समोर बसलेले असल्यामुळे. आणि त्या दोन घासांनी यकृतावर कसलाच भार पडत नाही.